गंधक खिडकीतून आला

2010 च्या एप्रिलपासून मुंबई, पुणे आणि सोलापूरसकट देशातल्या तेरा शहरांत डिझेलमधल्या सल्फरची मर्यादा 50 पीपीएमवर आली. बाकीच्या महाराष्ट्रात त्या वर्षी ती 350 ची झाली. ट्रकवाल्यांनी या बातमीचा एकच अर्थ लावला: मुंबईचं डिझेल ‘कोरडं’ झालं. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की पंप-नोझलची कामं करणारी दुकानं दिसतात. तिथे त्या वर्षी ज्याचा पंप बिघडला, त्याने दोष सल्फरला दिला. सल्फर काढलं, वंगण गेलं, प्लंजर घासला. इतकं सरळ.

मी तेव्हा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका लहानशा तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तेल, ग्रीस, इंधन यांचे नमुने यायचे आणि आम्ही आकडे काढून द्यायचो. डिझेलच्या लुब्रिसिटीचं, म्हणजे वंगणक्षमता मोजण्याचं, काम वाढलं ते याच ओरडीमुळे. एका मोठ्या वाहतूकदाराने तर घासलेले प्लंजर थेट पिशवीतून आणून टेबलावर ओतले आणि म्हणाला, “मॅडम, सल्फर नसल्यामुळे झालंय एवढं लिहून द्या.” लिहून देणं सोपं होतं, कारण ऐकायला ते पटणारंच होतं. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. दातांवर प्रचंड दाब आला की तो गंधक लोखंडाशी जुळून सल्फाइडचा थर करतो आणि धातूला धातू चिकटू देत नाही. गिअरबॉक्समध्ये जे खरं, ते पंपात का नसावं?

पंपाची रचना थोडी सांगायला हवी. डिझेल इंजिनाच्या पंपात प्लंजर आणि बॅरल अशी जोडी असते, तिला दुकानात ‘एलिमेंट’ म्हणतात. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तिथे इंजिन ऑइल पोचत नाही. जे डिझेल दाबून पुढे ढकलायचं, त्यानेच जाता जाता वंगणाचं काम करायचं. जुन्या ट्रकांच्या इनलाइन पंपात निदान खालचा कॅम ऑइलमध्ये असतो. रोटरी पंपात मात्र सगळंच डिझेलवर चालतं. हा फरक तेव्हा फारसा कुणी लक्षात घेत नव्हतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनने जवळजवळ गंधकमुक्त डिझेल आणलं, तेव्हा जे पंप धडाधड गेले ते रोटरी होते. आमच्याकडे तक्रारी येत होत्या त्यातले बरेच ट्रक इनलाइनवाले, म्हणजे ज्यांना सगळ्यात कमी त्रास व्हायला हवा ते.

दुर्गाडीपलीकडच्या एका मेस्त्रींकडे मी वरचेवर जायचे. त्यांची एलिमेंट तपासायची रीत अशी: प्लंजर-बॅरल डिझेलने धुवायचं, बॅरल तिरका धरायचा, प्लंजर तिसरा हिस्सा बाहेर ओढून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली सरकला पाहिजे. धाडकन पडला तर घासलाय, मध्येच थांबला तर चावलाय. मग प्लंजर उजेडात फिरवून नखाने चाचपायचे. “हा पाण्याने गेलाय,” एकदा ते म्हणाले, “आणि हा धुळीने. ह्याच्या रेघा बघा मॅडम, उभ्या आहेत. सल्फर कशाला रेघा मारतंय?”

आमच्या सूक्ष्मदर्शकाने नंतर तेच सांगितलं. ‘लुब्रिसिटीची केस’ म्हणून आमच्याकडे आलेल्या बहुतेक प्लंजरांना पाणी तरी लागलं होतं किंवा बारीक रेती. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरतं, फिल्टर वेळेवर बदलला जात नाही, आणि खापर रिफायनरीवर फुटतं.

रॉकेलची गोष्ट वेगळी. रेशनचं निळं रॉकेल डिझेलात मिसळलं की डिझेल पातळ होतं आणि त्या फटीत टिकणारा थर आणखी बारीक होतो. जानेवारी 2011 मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्यानंतर बरेच दिवस भिवंडीच्या रस्त्यावर रॉकेल हा शब्दही कुणी काढत नसे; सल्फरबद्दल मात्र सगळे मोकळेपणाने बोलायचे. घासलेल्या प्लंजरवर रॉकेलची खूण उरत नाही. ते शोधायचं तर इंधनातच शोधावं लागतं, आणि प्लंजर घेऊन येणारा माणूस त्या टाकीतलं डिझेल कधीच बरोबर आणत नाही.

तर मग डिझेलमध्ये वंगण करतं तरी काय? याचं बरंचसं उत्तर 1986 सालीच छापून आलं होतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या वेई आणि स्पाइक्स यांनी डिझेलच्या लुब्रिसिटीवर शोधनिबंध लिहिला. गंधकाची संयुगं मुख्य कर्तीसवरती नाहीत. काम करतात ती अगदी थोड्या प्रमाणातली ऑक्सिजन-नायट्रोजनयुक्त संयुगं आणि अनेक कड्यांचे ॲरोमॅटिक, असा त्याचा रोख. रिफायनरीत गंधक काढायचा तर डिझेल हायड्रोजनबरोबर साडेतीनशे अंशांच्या आसपास, कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावरून दाबाखाली नेतात. हायड्रोजन गंधकाला घेऊन जातो आणि जाता जाता या बाकीच्या मंडळींनाही नेतो. म्हणजे गंधक कमी आणि झीज जास्त हे दोन्ही एकदम दिसतं, पण एकामुळे दुसरं होत नाही. हे मी वाहतूकदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, लंडनचं राहू द्या, माझ्या प्लंजरवर दाखवा.

दाखवायचं म्हणजे आधी नियंत्रित झीज करायची. त्यासाठी एचएफआरआर नावाचं यंत्र असतं. बेअरिंगच्या स्टीलची 6 मिलिमीटरची गोळी, तिच्यावर 200 ग्रॅम वजन, खाली गुळगुळीत चकती, दोन मिलिलिटर डिझेल, तापमान 60 अंश. गोळी सेकंदाला पन्नास वेळा एक मिलिमीटर मागेपुढे घासते, सलग 75 मिनिटं. मग गोळीवरचा झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. युरोपच्या आणि आपल्या आयएस 1460 या मानकातही मर्यादा 460 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी. नुसतं हायड्रोजनने धुतलेलं डिझेल सहज 550-600 च्या पुढे जातं. त्यात शंभर-दोनशे पीपीएम फॅटी ॲसिड किंवा त्याचं एस्टर घातलं की डाग 400 च्या खाली येतो. टक्का-दोन टक्के बायोडिझेलही तेच करतं.

हे यंत्र युरोपातल्या हवेसाठी बनवलेलं आहे असं मला डोंबिवलीच्या जुलैत नेहमी वाटायचं. हवेतल्या बाष्पाने डाग वाढतो. त्या वेळच्या पद्धतीत निकाल 1.4 किलोपास्कल बाष्पदाबावर आणून सांगायचा असे, आणि अनोळखी डिझेलसाठी एका किलोपास्कलला 60 मायक्रॉनची दुरुस्ती. आमच्याकडे भर पावसात बाहेरचा बाष्पदाब तीनच्या आसपास जातो. एसी बंद पडला की पास होणारं डिझेल नापास. शुक्रवारी वीज जायची, एमआयडीसीत तो दुरुस्तीचा दिवस. त्यामुळे जून ते सप्टेंबर शुक्रवारी एचएफआरआर लावायचंच नाही, असा आमचा अलिखित नियम होता. मानकात असला नियम कुठून असणार!

गोळीवर डाग पडला, तो लहान की मोठा हेही कळलं. त्या डागावर नेमकं काय बसलंय, हे मात्र सूक्ष्मदर्शक सांगत नाही. तो थर असतो एक-दोन रेणूंचा, फार तर काही नॅनोमीटर. ओलेइक ॲसिडचा रेणू लांबीला दोन नॅनोमीटर आहे. एवढ्या थराची रासायनिक तपासणी करणारं तंत्र म्हणजे एक्सपीएस. स्वीडनच्या काय सीगबान यांना त्यासाठी 1981 चं नोबेल मिळालं. तत्त्व आइन्स्टाइनच्या प्रकाशविद्युत परिणामाचं. पृष्ठभागावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण टाकायचे आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. आत टाकलेली ऊर्जा वजा बाहेर आलेली, उरते ती इलेक्ट्रॉनला अणूने धरून ठेवलेली ऊर्जा, आणि ती प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. खोलवरून निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत आदळत आदळत ऊर्जा गमावतो, म्हणून मोजणीत येतात ते फक्त वरच्या काही नॅनोमीटरमधले. शिवाय शेजारी कोण आहे यावर ही ऊर्जा किंचित सरकते. गंधक लोखंडाशी सल्फाइड होऊन बसला असेल तर शिखर 162 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसतं; ऑक्सिजनने वेढलेला सल्फेट असेल तर 168-169 वर. गंधक तोच, पत्ता निराळा.

असलं यंत्र आमच्याकडे असणं शक्य नव्हतं. पवईच्या आयआयटीत पैसे भरून नमुने तपासून मिळतात. तारीख मिळाली की डोंबिवलीहून स्लो लोकल, कांजूरमार्गला उतरायचं, पुढे रिक्षा. घासलेल्या गोळ्या आणि चकत्या हेप्टेनमध्ये बुडवून न्याव्यात असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हेप्टेनची बाटली घेऊन लोकलमध्ये चढायचं नसतं. म्हणून त्या हेप्टेनने धुऊन, सुकवून, नायट्रोजन भरलेल्या छोट्या कुप्यांत बंद करून न्यायचो. नमुना यंत्रात गेला की हवा ओढून काढायला रात्र लागायची. आतला दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या हिश्शाइतका खाली आणावा लागतो. एक तर इलेक्ट्रॉनला वाट मोकळी हवी; दुसरं म्हणजे निर्वात थोडा जरी कच्चा असला तरी उरलेल्या वायूचे रेणू काही सेकंदांत पृष्ठभाग झाकून टाकतात.

वाहतूकदाराच्या डिझेलवर घासलेल्या चकतीचा पहिला आलेख आला आणि त्यावर गंधक होता. लहान, पण स्पष्ट. आमचे साहेब खूष झाले. गिऱ्हाईकाला जे हवं होतं त्याच्या उलट काहीतरी, पण निदान गंधकाबद्दल काहीतरी सांगता येणार होतं. शिखर 168.6 वर होतं. म्हणजे सल्फेट. घासताना लोखंडाशी जुळलेला गंधक सल्फाइड व्हायला हवा. सल्फेट कुठून आला? डिझेलमध्ये तो असा सुटा नसतो.

पुढच्या खेपेला मी एक वेगळा नमुना नेला: डिझेल न लागलेली, यंत्रात न बसवलेली कोरी चकती, आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उघडी ठेवलेली. तिच्यावर गंधकाचं शिखर घासलेल्या चकतीपेक्षा मोठं निघालं. तेही 168 च्या पुढेच. तिसरी चकती, थेट पाकिटातून काढून कुपीत बंद केलेली, जवळजवळ स्वच्छ.

डोंबिवलीकराला यात नवल वाटायचं कारण नाही. एमआयडीसीतल्या हवेला संध्याकाळी काय वास येतो ते घरडा सर्कलला बसची वाट बघणाऱ्या कुणालाही विचारा. 2020 च्या फेब्रुवारीत इथला एक रस्ताच गुलाबी झाला होता आणि मुख्यमंत्री तो पाहायला आले होते. सल्फर डायऑक्साइड, दमटपणा आणि उघडं लोखंड एकत्र आले की सल्फेट होणारच. डिझेलमधल्या 50 पीपीएमचा जो वाद भिवंडीच्या रस्त्यावर चालला होता, त्याचा पुरावा म्हणून आम्ही आमच्याच खिडकीतली हवा पवईला नेऊन तपासून आणली होती. त्या दिवसापासून प्रत्येक संचाबरोबर तीन कोऱ्या चकत्या न्यायची पद्धत पडली. एका नमुन्याच्या जागी चार नमुन्यांचे पैसे म्हटल्यावर साहेब कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

सिलिकॉनच्या बाबतीतही असाच घोळ असतो, पण तिथे आकडा मदतीला येतो. रेतीतला सिलिकॉन 103.5 वर दिसतो, सिलिकोन तेलातला 102 वर. डिझेलच्या काही ॲडिटिव्हमध्ये फेस मारण्यासाठी सिलिकोन असतं, कुपीच्या झाकणातल्या अस्तरातही असतं, आणि क्रीम लावलेल्या हातांवरही. 103.5 दिसलं की मेस्त्रींच्या उभ्या रेघा आठवायच्या. 102 दिसलं की झाकण बदलून पुन्हा बघायचं.

पण खरी परीक्षा कार्बनची. आम्हाला पाहायचं होतं ते फॅटी ॲसिड, म्हणजे एक लांब कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला ॲसिडचा गट. साखळीचा कार्बन 285 च्या आसपास. ॲसिडचा 289 च्या थोडा पुढे. आणि तेच ॲसिड लोखंडाशी जुळून साबण झालं असेल तर 288.5 च्या आसपास. साबण शब्दशः, आपण सोड्याशी तेल उकळून करतो त्याच जातीचा, फक्त सोडियमच्या जागी लोह. साबण झाला असेल तर थर धातूला घट्ट धरून आहे. नुसतं ॲसिड असेल तर ते वर बसलंय आणि धुण्यात जाऊ शकतं. घासलेल्या डागावर 288.5 ला एक खांदा दिसला आणि मला वाटलं काम झालं.

अडचण अशी की हवेत पाच मिनिटं ठेवलेल्या कुठल्याही धातूवर कार्बनचा पातळ थर बसतो, आणि त्या थरालाही 288.5 च्याच आसपास असा खांदा असतो. एक्सपीएस करणारे लोक या आगंतुक कार्बनला इतके सरावलेले असतात की त्याच्या 284.8 च्या शिखरावर सगळा आलेख जुळवून घेतात. आम्ही ज्याला शोधत होतो तो आणि जो न बोलावता येतो तो, दोघांचा पत्ता एकच. तिथला ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “मॅडम, खांदा सगळ्यांनाच असतो. तुमचा केवढा मोठा ते बघा.”

मग तुलना करत बसावं लागलं. ॲडिटिव्ह घातलेलं डिझेल आणि न घातलेलं. डागाच्या आत आणि डागाच्या बाहेर. एकदा धुतलेलं आणि अल्ट्रासॉनिकमध्ये पुन्हा धुतलेलं. ॲडिटिव्ह नसलेल्या चकतीवर डागाच्या आत-बाहेर खांदा साधारण सारखाच, आणि दुसऱ्या धुण्यानंतरही तेवढाच. ॲडिटिव्ह असलेल्या चकतीवर डागाच्या आत खांदा ठळक, बाहेर फिका, आणि धुतल्यावर बाहेरचा गेला तरी आतला टिकला. म्हणजे नुसतं बुडवून ठेवल्याने ॲसिड बसत होतं, पण जागचं हलत होतं. घासण्याने ऑक्साइडची साल निघून ताजं लोखंड उघडं पडलं तिथे ते पक्कं जुळलं. हे पाहिल्यावर मला जरा हसू आलं. झीज थांबवणारा थर तयार व्हायला थोडी झीज आधी व्हावी लागत होती.

आणि 162 वर? मुंबईचं 50 चं डिझेल असो की बाहेरचं 350 चं, डागावर सल्फाइड जेमतेम दिसेल न दिसेल इतकं, आणि त्याचा डागाच्या आकाराशी मेळ बसत नव्हता. अहवालात मी तेवढंच लिहिलं. वाहतूकदाराने पैसे दिले, अहवाल घेतला नाही.

या पद्धतीवरचा माझा एक आक्षेप अजून तसाच आहे. डिझेलमध्ये, दाबाखाली, 60 अंशांवर जिवंत असलेला थर आम्ही धुऊन, सुकवून, निर्वातात ठेवून पाहतो. जे टिकलं तेच दिसतं. नुसतं येऊन-जाऊन वंगण करणारं काही असेल, ते आमच्या कुपीपर्यंत येतच नाही. फॅटी ॲसिडचे सैलसे रेणू त्या फटीत काय करतात हे मला एक्सपीएसने कधीच सांगितलं नाही, आणि जे सांगितलं त्यावरून ते काही करत नाहीत असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत. चांगल्या यंत्राचा मोठा धोका हाच की ते दाखवत नाही ते नाहीच, असं माणूस धरून चालतो.

1 एप्रिल 2020 ला देशभर 10 पीपीएमचं डिझेल आलं. तोवर ‘कोरडं डिझेल’ हा विषय रस्त्यावर जुना झाला होता. मेस्त्रींच्या दुकानात आता इनलाइन पंप कमी आणि कॉमन रेल जास्त येतात. तिथे दाब 1600-2000 बारचा, बहुतेक वंगण डिझेलचं, आणि बऱ्याच भागांवर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं काळं कोटिंग. “ह्याला नख लावून काही कळत नाही,” ते म्हणतात, “कोटिंग उडालं की पार्ट फेका.” माझ्यासाठी ते कोटिंग वेगळीच डोकेदुखी झालं आहे. फॅटी ॲसिडला जुळायला लोखंड हवं, आणि इथे समोर कार्बन. एक्सपीएसमध्ये तर कार्बनवर बसलेला कार्बन, त्यावर हवेतला कार्बन, आणि त्यात माझा खांदा. यावर एक उपाय आहे: ज्याच्या साखळीत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन आहे असं स्टिअरिक ॲसिड डिझेलात घालायचं आणि पृष्ठभागावरून सुटणारे आयन वजनाने ओळखायचे. जड हायड्रोजन हवेतून येऊन बसत नाही, निदान इतका तरी नाही. अलिबागजवळ थळला जड पाणी टनांनी बनतं. मला हवंय ते काही मिलिग्रॅम, आणि ॲसिडच्या रूपात.

मानकातली चाचणी अजून स्टीलवर स्टीलचीच आहे आणि मर्यादा तीच, 460. कोटिंग केलेल्या चकत्यांचा पहिला संच आमच्याकडे आला आहे. त्यातल्या तीन न वापरता कुपीत बंद केल्यात, आणि एक खिडकीपाशी ठेवली आहे.